बंद-चालू मामाचा एकच फोटो

आमच्या मामाकडे जगातल्या सगळ्या बिघाडांवर एकच औषध होतं. बंद करायचं, जरा थांबायचं आणि परत चालू करायचं. विहिरीवरची मोटार, टीव्ही, मिक्सर, देवळातला भोंगा, शेजारच्या मास्तरांचा इन्व्हर्टर, कशालाही तो याच्याआधी पान्हा लावू द्यायचा नाही. एकदा वस्तीवर दोन सख्खे भाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आले, तर मामानं दोघांना आपापल्या घरात पाठवलं, दारं लावायला सांगितली आणि चहा होईपर्यंत बाहेर यायचं नाही म्हणून बजावलं. चहा झाला, दारं उघडली, आणि दोघांनी जिथं सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढं भांडण सुरू केलं. मामानं दोघांच्या हातात कप दिले आणि म्हणाला, "मंग वायरिंगमधीच दोष हाय."

मखमलाबादच्या बाजूला त्याचा मळा. झेंडू, गुलाब, थोडी मेथी-कोथिंबीर. सकाळी पंचवटीतल्या बाजारात माल टाकून तो परत यायचा, जेवायचा, तोंडावर उपरणं घेऊन ओट्यावर आडवा व्हायचा. कुणी हाक मारली तर उपरण्याखालून आवाज यायचा, "बंद हाय." मग उठून लोकांची यंत्रं बंद-चालू करत हिंडायचा. निम्म्या वेळा यंत्र खरंच सुरू व्हायचं, आणि उरलेल्या निम्म्या वेळा मामाला त्या घरी चहा मिळायचा. नात्यातले असोत नसोत, सगळे त्याला बंद-चालू मामा म्हणत. मी त्याची सख्खी भाची, त्यामुळे मला हे नाव तोंडावर घ्यायची परवानगी होती.

यंत्र बिघडतं हे त्याला मान्यच नव्हतं. "बिघडत नाय गं, रुसतं," तो म्हणायचा. "आन रुसलेल्याला जाब इचारायचा नसतो. जरा एकटं सोडायचं." यावर मामी भाकरी थापता थापता चुलीकडेच बघून सांगायची, की नवी नवरी असताना ती रुसली, तेव्हाही ह्यांनी असंच तिला माहेरी एकटं सोडलं होतं, आणि आठवड्यानं न्यायला आले ते झालं असेल नीट म्हणून. मामाला त्यात काही चुकल्यासारखं वाटायचं नाही. चालू झाली की नाही, एवढंच तो विचारायचा. त्या दिवशी त्याच्या ताटात भाकरी जरा जास्त करपलेली यायची.

त्याचा जीव कॅमेऱ्यावर. कॅमेरा त्यानं घेतला तो गुलाबांच्या पैशातून. फेब्रुवारीत एका वर्षी गुलाबाला असा काही भाव आला, की मामा बाजारातून थेट मेनरोडला गेला आणि खोकं घेऊनच घरी आला. कुणी विचारलं की सांगायचा, मला हा नाशकातल्या प्रेमिकांनी घेऊन दिलाय. चंदेरी रंगाचा, मुठीत मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा डिजिटल कॅमेरा. पुढं घराघरांत मोबाइल आले, मोबाइलचे कॅमेरे याच्यापेक्षा शंभर पटींनी चांगले झाले, पण मामाच्या लेखी मोबाइल बोलायला होता. फोटो काढायला फोटो काढायचंच यंत्र पाहिजे, पाणी शेंदायला कुणी तांब्या नेतं का, असं त्याचं म्हणणं.

बारसं, साखरपुडा, जावळ, नवा ट्रॅक्टर, कशालाही बोलावणं असो नसो, मामा कॅमेरा घेऊन हजर. लोकांना उभं करण्यात त्याचा अर्धा तास जायचा. उंच मागं, ठेंगणे पुढं, रुसलेले कडेला. मग मोजायचा, "एक, दोन, अडीच," आणि अडीचला बटण दाबायचा. का, तर तीन म्हटलं की माणसं श्वास धरतात आणि मेल्यासारखी दिसतात. त्याचं हे गणित सगळ्यांना पाठ झालं, तर सगळे अडीचला श्वास धरायला लागले. मग मामा सव्वादोनवर आला.

फोटो काढून झाले की खरा सोहळा पुढं असायचा. ते फोटो कॅमेऱ्यातून काढून लॅपटॉपवर घ्यायचे. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, या एकाच पापापायी आमच्या अख्ख्या आजोळानं मला आयुष्यभर कामाला लावलं. मामाचा फोन यायचा, "वंदू, ल्यापटॉप घेऊन ये." मी गंगापूर रोडवरून स्कूटीवर लॅपटॉप घेऊन जायची आणि माझं काम तिथंच संपायचं. बाकी सगळं मामा करायचा. आधी पेन्सिल सेल पत्र्यावर उन्हात ठेवायचे. मग तळहातावर घासून आत घालायचे. वायरीचं टोक बंडीच्या टोकानं पुसायचं. कॅमेऱ्याच्या कडेला रबराचं छोटं झाकण होतं, ते नखानं उचलून वायर आत, दुसरं टोक लॅपटॉपला. लॅपटॉपनं टुंग केलं की मामा हात जोडायचा. नाही केलं, तर कॅमेरा बंद. मग लॅपटॉप बंद. तरीही नाही, तर उठून घराचा मेन स्विच बंद. मी एकदा सांगून पाहिलं, की लॅपटॉप बॅटरीवर चालतोय, कॅमेरा सेलवर, यात घराच्या विजेचा काय संबंध. मामा म्हणाला, घरातल्या सगळ्यांना कळलं पाहिजे की काम चाललंय. आतून मामीचा आवाज यायचा, तिची मालिका ऐन लग्नात बंद पडलेली असायची.

आता दसऱ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. झेंडूवाल्यांचा दसरा म्हणजे सकाळी बाजारात मरमर आणि दुपारी घरी येऊन पूजा. पाटावर विळा, खुरपं, कुदळ, फवारणीचा पंप, बाजूला ट्रॅक्टर, आणि मधोमध कॅमेरा. तोही सरळ नाही. मामा त्याचे सगळे भाग सुटे करायचा. सेल वेगळे, फोटोचं छोटं कार्ड वेगळं, वायर वेगळी, सगळं ताटात झेंडूवर मांडायचं, कारण प्रत्येकानं वर्षभर काम केलंय तर मान प्रत्येकाला मिळाला पाहिजे. मग हळद-कुंकू, अक्षता, गूळ-खोबरं. एका दसऱ्याला मी लॅपटॉप घेऊन गेले होते. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघते तर लॅपटॉप पाटावर, आणि मामा त्याच्या कडेच्या भोकाला गूळ लावतोय. मी अशी काही भडकले, की शेजारचे मास्तर बघायला आले. मामा शांत. म्हणाला, "नैवेद्य कुठं दावत्यात? तोंडाला का पाठीला?" मी म्हटलं, तोंडाला. "मंग? वायर जिथून खातंय ते त्याचं तोंड." माझा लॅपटॉप मी पदराआड धरून घरी आणला. त्या दिवसापासून दसऱ्याला मी रिकाम्या हातानं जायची.

आणि मग एका दिवाळीनंतर वायर चालेनाशी झाली. टुंग म्हणून नाही. मामानं सगळे विधी केले. सेल उन्हात ठेवले, वायर पुसली, कॅमेरा, लॅपटॉप, घर, सगळं बंद करून चालू केलं. मी लॅपटॉपची दुसरी भोकं वापरून पाहिली, नवीन वायर आणून पाहिली, ती जुनीसारखीच अर्धी बसली, तर मामानं ती रबरबँडनं आवळून बांधली. मी इंटरनेटवरून काय काय उतरवून घेतलं, ते चढवलं, लॅपटॉप मात्र समोर काही जोडलंय हे कबूलच करेना. शेवटी शहरात एका दुकानात नेलं. तिथल्या माणसानं कॅमेरा हातात घेऊन वरूनच पाहिला आणि सांगितलं, याचं जोडणीचं भोक गेलं, जुना झालाय, नवीन घ्या. मामा कॅमेरा खिशात घालता घालता त्याला म्हणाला, "मी पण जुना झालो. घरी नवीन मामा आणावा का?"

मग सोपा उपाय निघाला. कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, कार्ड वाचायचा एक छोटा ठोकळा मिळतो त्यात घालायचं, तो लॅपटॉपला लावायचा, फोटो आले. पाच मिनिटांचं काम. मामाला ते अजिबात आवडलं नाही. त्याचं म्हणणं, कार्ड काढून देणं म्हणजे आतडं काढून देणं. वायरीनं कसं, दोघं समोरासमोर बसून बोलल्यासारखं वाटतं. तरी दर वेळी कार्ड देण्याआधी तो एकदा वायर लावून बघायचाच. टुंग झालं नाही की कॅमेऱ्याला म्हणायचा, रुस बाबा, किती रुसतोस ते बघतो. पुढं फवारणीच्या पाण्यानं कॅमेऱ्याचा मागचा पडदाही काळा पडला. काय निघतंय ते दिसेना. मामानं तेही मनावर घेतलं नाही. अंदाजानं रोखायचा, सव्वादोनला दाबायचा, आणि मुंडकी जागेवर आली की नाही ते माझ्या लॅपटॉपवर कळायचं.

एवढे फोटो काढले, पण मामा कुठल्याच फोटोत नाही. हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काढणारा तोच. कुणी मोबाइल रोखला तर पुढं येऊन त्यालाच रांगेत उभं करायचा, किंवा हात आडवा धरायचा. "वाढप्यानं पंगतीत बसायचं नसतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्या मोबाइलमध्ये मामा सापडतो तो तुकड्यातुकड्यांनी. एका लग्नात त्याचं कोपर आहे. माझ्या मुलीच्या वाढदिवसात जरा डावीकडं सरका म्हणणारा त्याचा हात आहे. मामा-मामीच्या लग्नातला जोडीचा फोटो पत्र्याच्या पेटीत ओल लागून पांढराफटक पडला होता. मामीला याची आतून फार बोच होती. एकदा चिंच फोडताना ती मला म्हणाली, माझा गावातल्या समद्या बायांबरोबर फोटो हाय, ह्या एका माणसाबरोबर नाय. हे ती हसत म्हणाली, पण पुढची चिंच तिनं फार जोरात ठेचली.

मागच्या दसऱ्याला मला जाता आलं नाही, तर संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजच वेगळा. म्हणाली, "वंदू, आज बसले बाई हे पंगतीत." पूजा झाल्यावर मामाच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यानं अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, कॅमेरा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवला, आपोआप फोटो निघायची कळ लावली आणि पळत येऊन मामीशेजारी बसला. असं तीनदा. मी म्हटलं, येते आणि काढून देते. येते येते म्हणण्यात काही दिवस गेले, आणि मामा दवाखान्यात गेला.

दवाखान्यातही त्याची खोड गेली नाही. उशाशी यंत्र होतं, ते सारखं कोकलायचं. मामानं नर्सबाईंना सांगितलं, बाई, एकदा बंद करून चालू करा. त्यांनी आधी डोळे वटारले, मग कंटाळून तसं केलं, तर ते गप्प झालं. मामानं माझ्याकडे असं काही बघितलं, जसा काही तो बरा होऊनच उठला. मला वाटलं, हा आता घरी येतो. नाही आला. आयुष्यभर आम्हाला सांगत राहिला, जरा थांबायचं, परत चालू होतं. आम्ही थांबलो होतो सगळे त्या व्हरांड्यात. मला त्याचा इतका राग आला होता, की मला रडूच येईना.

घरी फोटो लागणार होता. मामाचा मुलगा संतोष शोधून शोधून थकला आणि शेवटी त्यानं आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला. आधारच्या फोटोत कोण कसं दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा मामा त्यात नुकत्याच सापडलेल्या पाकीटमारासारखा दिसत होता. संतोषनं तो ओट्यावरच्या खुर्चीत ठेवला, दिवा लावला. मामी आतून आली, तिनं बघितलं, आणि फोटोचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं. संतोषनं तो सरळ केला. मामीनं परत फिरवला. मग मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "ह्या माणसाबरोबर मी संसार नाय केला. तेराव्याला तो दसऱ्याचा लावायचा. तू काढून दे." तिनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

मला वाटलं, यात काय, पाच मिनिटांचं काम. कार्ड काढलं, ठोकळ्यात घातलं, लॅपटॉपला लावलं. दसऱ्याच्या सकाळचा बाजार होता, झेंडूचे ढीग होते, एका हमालाची मान नेहमीप्रमाणे वरून कापलेली होती. त्यानंतर थेट दोन दिवसांनी शेजारच्या मास्तरांच्या नातवाचं बारसं. मधलं काही नाही. खुर्च्या नाहीत, मामी नाही, मामा नाही. मी परत परत बघितलं. मामी समोर मांडी घालून बसली होती, माझ्या तोंडाकडं बघत. तिला सांगायचं कसं, की पडदा गेलेल्या कॅमेऱ्यावर त्यानं भलतीच कळ दाबली असेल, आणि फोटो निघालाच नाही. मी पाणी मागितलं. मग उगाच वेळ काढायला म्हटलं, मामी, त्या दिवशी काय काय झालं ते सगळं सांग.

मामीनं सगळं सांगितलं. मामानं कुठली बंडी घातली होती, ती बदल म्हटलं तर कशी बदलली नाही, आणि संध्याकाळी तो कसा कार्ड शोधत बसला होता. मी म्हटलं, कुठलं कार्ड. हेच, ती म्हणाली. पूजेच्या ताटातच राहिलं होतं, फुलांच्या खाली. सेल तेवढे घातले ह्यांनी गडबडीत, आणि हे विसरले.

म्हणजे फोटो काढले तेव्हा कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. या जुन्या कॅमेऱ्यांना कार्डाशिवाय स्वतःचं एक इवलंसं पोट असतं. कार्ड नसलं तर चार-दोन फोटो ते त्या पोटात ठेवतात. पोटातलं बाहेर काढायला कार्डाचा उपयोग नाही, पडदा काळा म्हणून बघायचीही सोय नाही. एकच रस्ता, वायर. आणि वायर तर कित्येक वर्षं रुसलेली.

मी वायर लावली. काही नाही. मग मला दुसरं काय येत होतं? मी मामाचे विधी सुरू केले. सेल पत्र्यावर उन्हात ठेवले, तळहातावर घासले, वायर ओढणीनं पुसली. लॅपटॉपचं एक भोक, दुसरं भोक. कॅमेरा बंद, चालू. लॅपटॉप बंद, चालू. घरात भेटायला आलेली माणसं बसली होती, ती माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात पंखे थांबले. मामी मेन स्विचपाशी उभी होती. तिनं जरा वेळ थांबून स्विच वर केला आणि परत माझ्यासमोर येऊन बसली. टुंग झालं नाही.

माझा धीर सुटला. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि रागारागानं म्हटलं, याच्या तोंडातच काही शिरत नाही, वायर अर्धीच बसते. मामी सहज म्हणाली, "तोंडाला तर त्यांनी भरपूर लावलं होतं या वर्षी."

मी तिच्याकडं बघितलं. मग मोबाइलचा दिवा लावून त्या रबरी झाकणाच्या आत बघितलं. इतकी वर्षं मी तिथं नुसता अंधार बघत आले होते, आणि जुन्या यंत्राच्या भोकात अंधार असणारच, असं समजत होते. तो अंधार नव्हता. काळपट लाल असं काही तरी घट्ट बसलेलं होतं. मी सेल बाहेर काढले, आणि दात कोरायच्या काडीनं हळूहळू खरवडायला घेतलं. वरचं कुंकू अजून लालभडक होतं, गेल्या दसऱ्याचं. त्याच्याखाली जुनं, गुळात मुरलेलं, दगड झालेलं. एकाखाली एक दसरा. मामीच्या तळहातावर मी ते काढून ठेवत होते, आणि शेवटी आतून एक अख्खा तांदूळ आला, अक्षतेचा, पिवळा.

मामी त्या तांदळाकडं बघत राहिली. आणि मग ती हसायला लागली. आधी नुसतीच खांदे हलवून, मग तोंडाला पदर लावून, मग पदरही सुटला. वर्षानुवर्षं हा माणूस कॅमेऱ्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं गूळ कोंबत होता आणि वर सगळ्यांना सांगत होता, रुसलंय, बोलत नाही. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. व्हरांड्यात जे आलं नव्हतं, ते सगळं तेव्हा आलं. भेटायला आलेल्या माणसांना काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत.

कापसाच्या बोळ्याला थोडं स्पिरिट लावून मी आतून पुसून घेतलं, वाळू दिलं. सेल घातले. वायर लावली. ती पूर्ण आत गेली, तिला रबरबँड लागला नाही. लॅपटॉपनं टुंग केलं आणि मामीनं हात जोडले.

पोटात तीन फोटो होते. ती कळ किती वेळानं फोटो काढते ते लावता येतं. मामानं पडदा दिसत नसताना ती दहा सेकंदांऐवजी दोन सेकंदांवर लावलेली असणार, कारण तो तिन्ही वेळा पोचलाच नव्हता. पहिल्यात मामी एकटी ताठ बसलेली, शेजारची खुर्ची रिकामी, आणि समोर मामाच्या बंडीचं एक बटण, केवढं तरी मोठं. दुसऱ्यात मामी जरा ओशाळलेली आणि कडेला त्याचा एक पाय. तिसऱ्यात मामा सापडला. पाठमोरा. खुर्चीकडं धावताना, बंडी वाऱ्यानं फुगलेली, एका पायातली चप्पल सुटलेली, हात मामीकडं पुढं केलेला. आणि मामी त्याच्याकडं बघून हसतेय. अशी हसलेली मामी मामाच्या हजारो फोटोंत एकदाही नाही. त्याचा चेहरा या फोटोत नाही, पण तो त्या वेळी कसा दिसत होता, ते तिच्या तोंडावर सगळं दिसतं.

संतोष म्हणाला, आई, यात आप्पांचं तोंडच नाही, लोक हसतील. जाणती माणसं म्हणाली, पाठमोरा फोटो पूजेला चालत नाही. मी मामीची बाजू घ्यायला तोंड उघडलं, पण तिला माझी गरज नव्हती. तिनं आधारचा फोटो उचलून संतोषच्या हातात दिला, आणि सांगितलं, हा तुझ्या कपाटात ठेव, बँकेत लागला तर. लावायचा तो हाच.

तेराव्याला तो मोठा करून, चौकटीत घालून ओट्यावर ठेवला. मळ्यातल्याच झेंडूचा हार होता, तोही सुबक बसला. मग गुरुजींनी गंधाची वाटी पुढं केली आणि स्वतःच अडखळले. गंध कपाळाला लावतात, आणि या फोटोतल्या माणसाला कपाळ नाही. गुरुजींनी संतोषकडं बघितलं, संतोषनं माझ्याकडं. कुणी तरी म्हणालं, चौकटीला लावा.

मामीनं वाटी घेतली. जरा वेळ फोटोकडं बघत थांबली, मामा थांबायचा तेवढीच. मग मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "तोंडाला लावून काय होतं ते बघितलं ना." आणि तिनं गंधाचं बोट त्याच्या पाठीवर टेकवलं, दोन खांद्यांच्या मधोमध, जिथं आपण शाबासकी देतो तिथं. बोट तिनं बराच वेळ उचललं नाही.